गार दक्षिणेच्या लाटा

अमरावती जिल्ह्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. चांदूर बाजार, अचलपूर, दर्यापूरकडचं पाणी पूर्णेत उतरतं. पूर्णा अकोला, बुलढाणा ओलांडून चांगदेवला तापीत मिसळते आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्र गाठते. मोर्शी, वरुड, धामणगावकडचं पाणी मात्र वर्धेत जातं, वर्धेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्यातल्या दोन वावरांचं पाणी देशाच्या दोन टोकांना जातं, हे नकाशावर बोट फिरवून पाहिलं की आजही नवल वाटतं.

वऱ्हाडातलं पाणी कायम समुद्राकडे जात आलं. माणसं मात्र अलीकडे जाऊ लागली. अकोल्याहून समुद्र सरळ रेषेतही साडेचारशे किलोमीटरांवर आहे. पूर्वी मुंबईला कामानिमित्त गेलेला माणूस चौपाटीवर पाय भिजवून परत येई, तेवढीच ओळख. आता दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गाड्या भरून कुटुंबं गणपतीपुळे, गुहागर, तारकर्लीला जातात. नागपूर–मडगाव ही विशेष गाडी बडनेरा, अकोल्यावरून थेट कोकणात उतरवू लागली. कॉलेजांच्या सहलीही अजिंठा-वेरूळ सोडून किनाऱ्याकडे वळल्या. ही चांगली गोष्ट आहे. समुद्र प्रत्येकाने पाहावा, त्यात खेळावं, जमलं तर फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यावं. मात्र ज्या पाण्यात आपण उतरणार त्याचा स्वभाव ठाऊक असायला हवा, आणि कोकणच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या काही लाटांचा जन्म फार दूर, बर्फाळ अंटार्क्टिकाच्या शेजारी झालेला असतो, इथून सुरुवात करायला हवी.

शाळेच्या भूगोलात ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ हे शब्द आपण पाठ केलेले असतात. दक्षिण गोलार्धात ४० अंशांच्या खाली गेलं की जमीन जवळजवळ संपते. पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला अडवायला ना हिमालय, ना सह्याद्री. तो पृथ्वीभोवती मोकाट फिरतो आणि वाटेत एकामागून एक वादळं उठतात. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबीच्या मोकळ्या पाण्यावरून वाहिला. दक्षिणेच्या त्या गार महासागरात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून जगातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या लाटा तिथे तयार होतात.

वादळाच्या पोटात समुद्र नुसता घुसळलेला असतो. लहान-मोठ्या, आडव्या-तिडव्या लाटांचा गोंधळ. त्यातून बाहेर पडल्यावर लाटा आपोआप निवडल्या जातात. लांब लाट वेगाने पळते, आखूड मागे राहते आणि वाटेत विरते. हजारो किलोमीटरांनंतर उरतात त्या लांब, एकसारख्या, शिस्तीत येणाऱ्या लाटा. एक शिखर गेल्यापासून दुसरं येईपर्यंत जो वेळ जातो तो लाटेचा कालावधी. किनाऱ्याजवळच्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटेचा कालावधी चार-पाच सेकंदांचा असतो. दक्षिणेहून आलेल्या लाटेचा १५ ते २० सेकंदांचा. १८ सेकंदांची लाट खोल पाण्यात सुमारे ५०० मीटर लांब असते आणि तिची ऊर्जा दिवसाला साधारण १,२०० किलोमीटर पुढे सरकते. गरजणाऱ्या चाळिशीतून निघालेली अशी लाट पाच-सहा दिवसांत आपल्या किनाऱ्याला लागते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण तिच्यात सगळं गमक आहे. लाट येते, पाणी येत नाही. ज्वारीचं पीक पोटऱ्यात आलं की वाऱ्याची झुळूक शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत पळत जाते. ताटं मात्र जागच्या जागी डोलतात. समुद्रातही पाण्याचा थेंब आपल्या जागेभोवती एक फेरी मारतो आणि जवळपास तिथेच राहतो. पुढे जाते ती वाऱ्याने दिलेली ऊर्जा. म्हणूनच पाच-दहा अंश तापमानाच्या समुद्रातली लाट मालवणच्या २८ अंशांच्या कोमट पाण्यात फुटते आणि अंगाला गारवा जाणवत नाही. ती कुठून आली, हे कातडीला कळायला मार्ग नाही.

वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हा प्रवास मोजून दाखवला. त्याने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागरात ओळीने मोजणीची ठाणी उभारली आणि अंटार्क्टिकाजवळच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा माग काढला. वादळापासून थोडं दूर गेल्यावर लाटेची ऊर्जा वाटेत फारच थोडी खर्च होते, हे त्यातून सिद्ध झालं. त्याआधी कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला केलेल्या मोजणीत त्याला हिंदी महासागरात जन्मलेल्या लाटाही सापडल्या होत्या. आपल्या समुद्रातल्या वादळाची लाट अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोचते! पृथ्वीवरचं पाणी एकच आहे, हे याहून थेट कुणी दाखवलेलं मला माहीत नाही.

लाटेवर स्वार होण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, मूळचा पॉलिनेशियाच्या बेटांवरचा. हवाईत तो राजापासून कोळ्यापर्यंत सगळे खेळत. ऑलिंपिकमध्ये पोहण्याची सुवर्णपदकं मिळवणाऱ्या हवाईच्या ड्यूक कहानामोकूने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत नेला. खेळ कोमट पाण्यातला. पण लाटांच्या शोधात निघालेली माणसं फार लवकर गार किनाऱ्यांकडे वळली. स्कॉटलंडचं थर्सो, कॅनडाचं टोफिनो, नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवरचं उन्स्टाड, पोर्तुगालचं नाझारे. उन्स्टाड तर आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला आहे. तिथे हिवाळ्यात किनाऱ्यावर बर्फ असतो आणि पाण्याचं तापमान चार-पाच अंशांवर येतं. तरी लोक जातात, कारण वादळं गार प्रदेशात उठतात आणि त्यांच्या जवळच्या किनाऱ्यांवर लाट पूर्ण ताकदीनिशी येते. खडकाळ तळ असेल तर ती दरवेळी त्याच जागी, त्याच आकारात फुटते. स्वाराला हेच हवं असतं. नाझारेसमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड घळ आहे. ती लाटेची ऊर्जा एका ठिकाणी गोळा करते. तिथेच २९ ऑक्टोबर २०२० रोजी जर्मनीचा सेबास्टियन श्टॉयटनर २६.२१ मीटर उंचीच्या लाटेवरून खाली आला आणि तो विक्रम ठरला.

गार पाण्यात हा खेळ शक्य झाला तो एका पोशाखामुळे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू ब्रॅडनर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की माणसाला कोरडं ठेवायची गरजच नाही. अंगालगतचा पाण्याचा पातळ थर बाहेर जाऊ दिला नाही म्हणजे झालं. शरीर तो थर तापवतं आणि निओप्रीन रबरातले वायूचे बारीक बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. हा वेटसूट अंगावर चढवून माणूस थंडीत तासन्‌तास पाण्यात राहू शकतो.

अमरावती-अकोल्याची कितीतरी मुलं-मुली आज शिक्षणा-नोकरीसाठी डब्लिन, एडिंबरा, व्हँकुव्हर, सिॲटलला राहतात. त्यांच्यासाठी इथे थोडं थांबतो. उन्हाळ्यात त्या किनाऱ्यांवर ऊन पडलेलं असतं, हवा सुखद असते आणि पाणी मात्र १० ते १५ अंशांचं असतं. अशा पाण्यात एकदम शिरलं की माणूस नकळत मोठा श्वास ओढतो, मग धाप लागते, हृदयाचे ठोके चढतात. तोंड पाण्याखाली असताना तो पहिला श्वास आला तर उत्तम पोहणाराही बुडतो. थंडीने गारठून मरायला वेळ लागतो; हा धक्का पहिल्या मिनिटातच घात करतो. म्हणून तिकडच्या बचावपथकांची शिकवण अशी: अचानक पाण्यात पडलात तर हातपाय मारू नका, पाठीवर तरंगा, श्वास ताब्यात येईपर्यंत थांबा, मग पोहायचा विचार करा. आईवडिलांनी फोनवर ‘जेवलास का’ विचारतानाच हेही सांगून ठेवावं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. चिखलदऱ्याला गाविलगडाच्या कड्यावर उभं राहिलं की पायाखाली काळा बेसॉल्ट असतो. हरिहरेश्वरला समुद्राच्या मारापुढे उभा असलेला खडकही बेसॉल्टच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच ज्वालामुखी पर्वाचा. तिथे लाटांनी कातळ कापून सपाट ओटे तयार केले आहेत आणि खाऱ्या पाण्याने खडकात मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रं पाडली आहेत. वऱ्हाडी माणसाला हा खडक ओळखीचा वाटतो, आणि धोका नेमका तिथेच आहे. त्याच्यावर शेवाळ असतं, ओहोटीला मोकळा दिसणारा ओटा भरतीला काही वेळात पाण्याखाली जातो आणि शांत समुद्रातून अधूनमधून एखादी मोठी लाट थेट वर चढते.

सर्फिंगसाठी मात्र कोकणचा समुद्र भारतात पहिल्या रांगेत बसत नाही. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ जवळजवळ ३०० किलोमीटर रुंद आहे. लांब पल्ल्याची लाट २५० मीटर खोलीपासूनच तळ चाचपू लागते. इतक्या लांब उथळ वाटेवर तिची बरीच ताकद घासून जाते. दक्षिणेकडे हा पट्टा अरुंद होत जातो, म्हणून रायगडपेक्षा सिंधुदुर्गात आणि सिंधुदुर्गापेक्षा गोवा-कर्नाटकात लाट बरी मिळते. पावसाळ्यात लाटा मोठ्या असतात, पण वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहतो आणि त्यांचा चेहराच मोडून टाकतो. तमिळनाडूत चित्र उलटं. तिथे जून ते सप्टेंबरात नैऋत्येचा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, येणाऱ्या लाटेला समोरून थोपवून धरतो आणि ती उशिरा, स्वच्छ फुटते. वऱ्हाडात पऱ्हाटीला पाऊस देणारा वाराच तिकडे लाट घडवतो.

म्हणून भारतीय सर्फिंग कर्नाटकातल्या मुल्कीत रुजलं आणि तमिळनाडूच्या कोवलम, महाबलीपुरमला फोफावलं. मुल्कीच्या आश्रमात राहणाऱ्या जॅक हेबनर या अमेरिकी साधकाने तिथल्या मुलांना फळीवर उभं केलं. कोवलममध्ये मच्छीमारांची पोरं आधी मोडक्या लाकडी फळ्यांवर खेळत होती; तीच पुढे देशातली उत्तम स्वार झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली हा खेळ पहिल्यांदा आला. २०२५च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या रमेश बुदिहाळने कांस्यपदक जिंकलं. ही मुलं समुद्रकाठी वाढली, तरी त्यांची खरी मिळकत वर्षानुवर्षं लाटा वाचण्याची आहे. ती आपल्याकडच्या मुलांनाही शिकता येते. गोव्यात मांद्रे, अश्वे, मोरजीकडे शिकवणारे वर्ग आहेत. पाऊस संपल्यावर तिथल्या लाटा लहान आणि नवशिक्याला सोप्या असतात. पहिले धडे कमरेइतक्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसावरच होतात. मऊ, लांब फळी, घोट्याला बांधलेली दोरी आणि जवळ उभा शिक्षक. यातलं काही नसेल तर फळी भाड्याने घेऊन एकट्याने जाऊ नये.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना जड वाटतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं-मुली बुडाली. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीला बेळगावच्या अभियांत्रिकी कॉलेजचे आठ जण गेले. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच जण. तिन्ही घटना पावसाळ्याबाहेरच्या. कोकणातला माणूस श्रावणातल्या खवळलेल्या दर्याला घाबरतो आणि मच्छीमार नारळी पौर्णिमेनंतरच होडी लोटतो. बाहेरून आलेल्याला मात्र फेब्रुवारी-एप्रिलचा निळा समुद्र निरुपद्रवी वाटतो.

कन्याकुमारीच्या घटनेमागे दक्षिणेची लाटच होती. हैदराबादच्या ‘इन्कॉईस’ या राष्ट्रीय समुद्र माहिती केंद्राने आधीच इशारा दिला होता. एप्रिलच्या अखेरीस दक्षिण अटलांटिकातून हिंदी महासागरात सरकलेलं कमी दाबाचं क्षेत्र भारतापासून सुमारे १०,००० किलोमीटर दूर होतं. तिथून निघालेल्या लाटा मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्या किनाऱ्यांवर आदळल्या. केरळपासून मुंबईपर्यंत सगळीकडे सावध केलं गेलं. इथे ना वारा होता, ना ढग. केरळचे मच्छीमार अशा समुद्राला ‘कल्लक्कडल’ म्हणतात आणि तो त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खोल पाण्यात अशी लाट अर्ध्या-एक मीटरची, डोळ्यांना न जाणवणारी; किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की तिचा पाय अडखळतो, ती आखडते आणि उंच होते. शिवाय दोन लाटांमध्ये १८-२० सेकंदांचा खंड असल्याने समुद्र निवांत दिसतो. मग तीन-चार मोठ्या लाटा ओळीने येतात.

बहुतेक जीव मात्र लाट घेत नाही, परतणारं पाणी घेतं. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट पट्ट्यातून समुद्राकडे धावतं. याला रिप करंट म्हणतात. जोरात असला तर तो सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. ऑलिंपिकचा पोहणाराही त्याच्या उलट जाऊ शकत नाही. त्याची खूण फसवी आहे. आजूबाजूला लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा सपाट, गडद, लाटा नसलेला दिसतो. अनोळखी माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजून मुलांना घेऊन उतरतो. मिनिटभर उभं राहून पाहिलं तर त्या पट्ट्यात फेस आणि कचरा आत जाताना दिसेल. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झगडू नये. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे बहुतेक वेळा ढिला पडतो. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावं आणि मग लाटांबरोबर परतावं. काठावरच्यांनी मागे उडी घेऊ नये; दोरी, रिकामा कॅन, चेंडू, तरंगणारं जे हाती लागेल ते फेकावं. एकाला वाचवायला गेलेले दोघं-तिघं बुडणं, ही आपल्याकडची नेहमीची बातमी आहे.

माझं ठाम मत आहे की सुरक्षिततेची ही शाळा किनाऱ्यावर भरवून उपयोग नाही. ती वऱ्हाडातच भरायला हवी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. त्याच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मल्लखांबावर तोल सांभाळणारी, श्वास आवरायला शिकलेली मुलं ज्या शहरात घडतात, तिथे लाटेवर उभे राहणारे स्वार घडायला अडचण कसली? आधी पोहता मात्र आलं पाहिजे. एकेकाळी विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोरं पोहणं शिकत. आता विहिरींना जाळ्या लागल्या आणि तलाव मोजक्या शहरांत उरले. सहलीला निघणाऱ्या प्रत्येक कॉलेजने विद्यार्थ्यांकडून पालकांच्या सहीचं पत्र घेण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: पाठीवर पाच मिनिटं तरंगता येतं का, आणि रिप करंटचा फोटो दाखवल्यावर तो ओळखता येतो का. एवढं अर्ध्या दिवसात शिकवून होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी ‘इन्कॉईस’चा अंदाज फोनवर पाहा, तो रोज मिळतो आणि फुकट मिळतो. पावसाच्या अंदाजावर थांबू नका, लाटेची उंची आणि कालावधी दोन्ही वाचा. भरती-ओहोटीच्या वेळा मुक्कामाच्या घरमालकाला विचारा, आणि पुळणीवर पोचल्यावर एखाद्या स्थानिक मच्छीमाराला ‘आज कुठे उतरू?’ असं विचारा. तो नको म्हणाला तर उतरू नका. कालावधी १५ सेकंदांच्या वर दिसला, तर आकाश कितीही निरभ्र असो, त्या दिवशी गुडघ्यापलीकडे पाण्यात जाऊ नका आणि खडकांवर फोटोसाठी चढू नका.